आधी ओळख, मग औषध

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही मुलाबाळांसह गावी गेलो. मावशीचा एकरभर मका होता, पण पानांना भोकं पडलेली आणि पोंग्यात भुशासारखी घाण. शेजारी म्हणाले, खोडकिडा आहे. मावशीने उसनवारी करून औषध मारले, तरी अळी हटेना.

आम्ही एक अळी काडेपेटीत घालून कृषी सहाय्यकांकडे नेली. त्यांनी भिंगातून दाखवले: डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी. तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. २०१६ साली ती आफ्रिकेत दिसली, २०१८ साली कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात. तिचा करडा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जातो.

मग आम्ही सारे पहाटेच शेतात उतरलो. पानांवरचे केसाळ अंडीपुंज वेचून चिरडले, पोंग्यांत वाळू टाकली. अर्धा मका हाती लागला.

मावशी म्हणाली, “आधी वळखली असती, तर उसनवारी टळली असती बाबांनो.”

वाचकहो, गावाकडे मका असेल तर आधी अळीचे डोके पाहा, मगच औषधाच्या दुकानाची पायरी चढा.