उघडता येईल असं

अमेरिकेत माणूस गेला की घरच्यांना पहिल्या दोन दिवसांतच विचारतात, अस्थी कशात हव्यात? दादाच्या वेळी अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी वहिनीला हे विचारलं आणि वहिनीने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. दादाच्या आजारपणात मदतीला म्हणून मी पुण्याहून न्यू जर्सीला गेले होते, त्यामुळे घरातली मोठी मीच होते. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आमच्याकडे हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नव्हता.

बाबा गेले तेव्हा पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत तिसऱ्या दिवशी राख सावडायला घरचे पुरुष गेले. दूध-पाणी शिंपडून राख थंड केली, अस्थी वेचल्या, मडक्यात भरल्या, वर कापड बांधलं आणि घरी न आणता तिथूनच आळंदीला नेल्या. मडकं काकांनी बाकीच्या सामानाबरोबरच आणलं होतं. ते केवढं होतं, कसं होतं, आज आमच्यापैकी कुणीही सांगू शकणार नाही. काही तासांत ते इंद्रायणीत जाणार होतं, त्याच्याकडे कोण बघणार?

इथे मात्र बाईंनी एक जाडजूड पुस्तक पाठवलं. पितळी कलश, संगमरवरी कलश, अक्रोडाच्या लाकडाच्या पेट्या, नावं कोरलेले, पक्षी रंगवलेले. पाण्यात सोडायचे कागदी कलश, जे थोडा वेळ तरंगतात आणि मग विरघळत तळाशी जातात. मिठाचे कलश. झाडाच्या रोपाबरोबर पुरायचे कलश. त्यांच्याबरोबर वेगळी माती मिसळावी लागते, कारण नुसती राख इतकी खारट आणि अल्कधर्मी असते की रोप जगत नाही. त्यापुढची पानं आठवणीच्या वस्तूंची होती. चिमूटभर राख मावेल असं गळ्यातलं पदक, त्याला बारीक फिरकीचं झाकण. तळहाताएवढे छोटे कलश, चार-चारच्या संचात, म्हणजे चार मुलांना चार. काचेचे गोळे, ज्यांत वितळत्या काचेत राख ओढून घेतलेली असते आणि ती आत पांढऱ्या धुक्यासारखी दिसते. शेवटी प्रयोगशाळेत घडवलेले हिरे. राखेत कार्बन अगदी थोडा उरतो, म्हणून त्यासाठी केसही चालतात, असं त्याखाली लिहिलेलं होतं. ते पुस्तक मी पहिल्यांदा चाळलं तेव्हा मला राग आला होता. दुःखाचं दुकान मांडलंय असं वाटलं. पण वहिनी एकेक पान शांतपणे बघत होती आणि ती बघत असताना आठवड्याभरात पहिल्यांदाच दादाविषयी आपणहून बोलायला लागली, हेही मला दिसलं.

दहनाच्या दिवशी गुरुजी होते, मंत्र झाले, भाच्याने बटण दाबलं. दहनाच्या आधी देहाबरोबर एक क्रमांक कोरलेली धातूची चकती ठेवतात. ती आगीत टिकते आणि राखेबरोबर परत मिळते, म्हणजे अदलाबदल झाली नाही याची खात्री राहते. दोन दिवसांनी आम्हाला प्लास्टिकची एक चौकोनी पेटी मिळाली, आत जाड पिशवी, पिशवीच्या तोंडाशी ती चकती. पेटी उचलल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, जड आहे." प्रौढ माणसाची राख साधारण दोन ते तीन किलो भरते, हे त्या बाईंनी सांगितलं होतं. तरी हातात घेतल्यावर ते कळणं वेगळं.

आणि आत अस्थी नव्हत्या. म्हणजे आपण वेचतो तशा नव्हत्या. अमेरिकेत भट्टीतून निघालेली हाडं यंत्रात दळतात, त्यामुळे हाती येते ती करड्या-पांढऱ्या रंगाची भरड वाळू. बाबांच्या वेळी काकांनी पायाकडून डोक्याकडे क्रमाने अस्थी वेचल्या होत्या, असं ऐकल्याचं मला आठवत होतं. इथे क्रम नव्हता, वेचणं नव्हतं. फोनवर आईला हे सांगायचं की नाही, यावर वहिनी आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी सांगितलं. आई थोडं थांबून म्हणाली, "मग पाण्यात लवकर मिसळेल." ऐंशी उलटलेल्या बाईने मुलाबद्दल हे म्हणावं, आणि तेही आम्हाला धीर देण्यासाठी.

आईला गोदावरी हवी होती. आमच्या आजोबांच्या अस्थी नाशिकला रामकुंडात गेल्या होत्या. तिथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे, आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या घराण्याची नावं पिढ्यानपिढ्या लिहिलेली आहेत. दादाचं नाव तिथे लागलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. वहिनीचीही त्याला ना नव्हती. तिने कपाटातून तांब्याचा कलश काढला, त्यांच्या वास्तुशांतीला आईनेच दिलेला. त्यातूनच न्यावं, अशी तिची इच्छा होती.

तो कलश चालला नाही. एक तर मावेना. माणसाच्या वजनाच्या दर पौंडामागे एक घनइंच जागा धरतात आणि प्रौढांसाठीचे कलश साधारण 200 घनइंचांचे करतात, म्हणजे जवळजवळ सव्वातीन लिटर. पूजेच्या कलशात लिटरभर पाणी राहतं. शिवाय विमानतळावर पेटी क्ष-किरण यंत्रातून जावी लागते. धातूचं भांडं असेल आणि यंत्राला आतलं दिसलं नाही, तर ते पुढे नेऊ देत नाहीत. गेलेल्या माणसाचा मान म्हणून तिथले कर्मचारी ते उघडत नाहीत, घरच्यांनी उघडा म्हटलं तरी नाही. म्हणून लाकूड किंवा तसंच काही हलकं वापरा असं सांगतात. ही माहिती हातात आली आणि ते जाडजूड पुस्तक एकदम चार पानांचं झालं. आम्ही साधी लाकडी पेटी ठरवली, कोरीवकाम नसलेली. ती संस्थेकडून घेण्याची सक्तीही नव्हती. तिथल्या केंद्रीय नियमाप्रमाणे कलश बाहेरून आणला तर संस्थेला तो नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळा आकारही घेता येत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, कारण त्या दिवसांत कुणी काही मागितलं तर माणूस मुकाट्याने देऊन टाकतो.

कागदपत्रं मी केली: मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, पासपोर्टची प्रत, पेटीत राखेशिवाय काही नाही असं संस्थेचं पत्र, आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीचं परवानगीपत्र.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. भाचा म्हणाला, "सगळं पाण्यात सोडलं तर मी बाबाला भेटायला कुठे जाऊ?" तो तिथेच जन्मला, तिथेच शिकतोय. त्याच्या मित्रांचे आजी-आजोबा दफनभूमीत आहेत, ते फुलं घेऊन जातात. त्याला त्या पुस्तकातला काचेचा गोळा हवा होता. टेबलावर ठेवीन म्हणाला, अभ्यास करताना समोर राहील. आमच्या वाईच्या आत्याला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडायला लागली. अस्थी कोंडून ठेवल्या तर दादा अडकून राहील, असं तिला मनापासून वाटत होतं. भाच्याला ते कळेना आणि आत्याला त्याचं कळेना. वहिनी दोघांच्या मध्ये. मला दोघांचंही पटत होतं. आपल्याकडे विसर्जनाने एक गोष्ट होते. नदीकाठी उभं राहून ओंजळ रिकामी करावी लागते आणि ती रिकामी झालेली सगळ्यांना दिसते. ते मुलाला मिळावं असं मला वाटत होतं. पण ज्याची नदी आठ हजार मैलांवर आहे, त्याला नुसतं ‘सोडून दे’ म्हणणं मला जमेना.

त्या रात्री वहिनीने आनंदीबाई जोशींचा विषय काढला. काही वर्षांपूर्वी मी तिकडे गेले असताना दादा आम्हाला हडसनच्या काठाने गाडी चालवत पकिप्सीला घेऊन गेला होता, तिथल्या दफनभूमीत. आनंदीबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, पुरत्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना न्यू जर्सीतल्या आपल्या घरी मुलीसारखं ठेवून घेतलं होतं, त्यांच्याकडे पती गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा पाठवली. कार्पेंटरबाईंनी ती पकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली आणि वर दगड उभारला. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर कोरलंय. दादा त्या दगडासमोर हात जोडून उभा राहिला होता आणि मग गाडीत म्हणाला होता, समुद्र ओलांडायला निघाली म्हणून जिला लोकांनी छळलं, तिची रक्षा पुन्हा समुद्र ओलांडून इथे आली, तीही तिच्या माणसाकडे. वहिनीला ते वाक्य आठवत होतं. मला फक्त त्याचे जोडलेले हात आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला हे सगळं सांगितलं. आनंदीबाईंबद्दल तिला ठाऊक होतंच. ती म्हणाली, "आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या अस्थींचा भाग आहे की. आम्ही शाळेतून जायचो, नमस्कार करायचो." मग तिने जे सांगितलं त्याने सगळा गुंता सुटला. "ठेवू दे त्याला थोडं. पण उघडता येईल असं ठेव म्हणावं. काचेत नको. उद्या त्याला वाटलं पाण्यात सोडावं, तर?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काचेत गेलेली राख काचेतून कधीच बाहेर येत नाही. हिऱ्याचंही तेच. छोट्या कलशाचं झाकण मात्र उघडतं. भाच्याला हे इंग्रजी-मराठी मिसळून समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच मोबाइलवर शोधून एक बातमी मला दाखवली. गांधीजींच्या रक्षेचा एक भाग कुणा कुटुंबाने वर्षानुवर्षं जपला होता आणि तो 30 जानेवारी 2008 ला, त्यांच्या हत्येला बरोबर साठ वर्षं झाली त्या दिवशी, गिरगाव चौपाटीच्या समुद्रात सोडला. "म्हणजे साठ वर्षांनीही चालतं," तो म्हणाला. आत्याला हे त्यानेच फोन करून सांगितलं, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, पण ती त्याच्याशी नीट बोलली. गुरुजींनीही, मुख्य भाग तीर्थात जाऊ द्या, एवढंच सांगितलं.

त्याने पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा, पेरूएवढा कलश निवडला. राख त्यात भरायचं काम संस्थेतले लोक करून देतात, तरी ते त्याने स्वतः केलं, घरी, वहिनीसमोर, आंघोळ करून. वहिनीने स्वतःसाठी काही घेतलं नाही. पदक नको म्हणाली. गळ्यात घालून भाजी आणायला जायचं मला जमणार नाही, असं म्हणाली. ती दादाचं घड्याळ वापरते, सैल होतं तरी. तांब्याचा कलश तिने परत देवघरात ठेवला.

लाकडी पेटी माझ्याबरोबर विमानात मांडीवर आली. नाशिकला आम्ही राख मडक्यात काढली, कापड बांधलं, आणि भाच्याने रामकुंडाच्या पायरीवर उभं राहून ती पाण्यात सोडली. आईला आम्ही काठावरच्या खुर्चीत बसवलं होतं. उपाध्यायांनी वही काढली. आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळींखाली, बाबांच्या नावाखाली, दादाचं नाव लिहिलं आणि भाच्याला सही करायला सांगितली. त्याने देवनागरीत केली, शिरोरेघ शेवटी ओढून.

रिकाम्या पेटीचं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. आई म्हणाली ती घरात नको, म्हणून तीही नाशिकलाच ठेवून आलो.

आता ओळखीत कुणावर परदेशात ही वेळ आली की मला फोन येतो. मी आधी हेच विचारते की सगळं विसर्जन करायचंय की काही ठेवायचंय, आणि ठेवणार कोण. भांडं त्यानंतर. आणि ठेवणार असाल तर झाकण उघडतं का बघा, आणि तुमच्यानंतर ते कुणी कुठे न्यायचं ते कागदावर लिहून ठेवा. भाच्याने लिहून ठेवलंय: रामकुंड, नाशिक, आणि खाली उपाध्यायांचा फोन नंबर.