आमचा चावत नाही

श्वानदंशाच्या रजिस्टरमध्ये जातीचा रकाना नव्हता. नाव, वय, जखम कुठे, कुत्रं पाळीव की मोकाट, एवढंच लिहायचं. पण माणसं न विचारता जात सांगायची. मोकाट असेल तर "गावठी होतं" म्हणून मोकळी व्हायची. घरचं असेल तर मात्र "लॅब आहे हो सिस्टर, फार गरीब आहे," अशी कुत्र्याचीच वकिली सुरू. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, इंजेक्शनच्या खोलीत माझी बरीच नोकरी गेली. तिथे हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की पुढचं मला आधीच कळायचं.

मोठ्या माणसाला चावा बहुधा पोटरीला नाहीतर हाताला. लहान पोराचा केसपेपर हातात आला की आधी तोंडाकडे बघायचं. गाल, ओठ, कान, पापणी. दोन-तीन वर्षांच्या पोराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला असतं, आणि पोरं गळ्यात हात टाकून पापी घ्यायला जातात. ते आपल्याला गोड दिसतं, कुत्र्याला अडकवल्यासारखं वाटतं.

अशीच एक चिमुरडी आली होती, वरचा ओठ फाटलेला. मामाकडचं म्हातारं लॅब्रॅडोर, कंबर दुखायची म्हणून पलंगाखाली पडून असायचं. ही तिथे रांगत शिरली. आजी म्हणाली, "मागं दोनदा गुरगुरला, तवा चप्पल दाखवली. मग गप झाला बघा." गप झाला तो गुरगुरण्यापुरता. दुखणं तसंच होतं आणि पोर जवळ येतच होती. गुरगुरून मार मिळतो हे कळलेलं कुत्रं पुढच्या वेळी सरळ चावतं. त्याआधीही ते बरंच काही सांगत असतं: मान फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करतं. अशा वेळी पोराला उचलायचं. कुत्र्याला रागवून उपयोग नाही.

आता जातीचं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना धाडलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. इंग्लंडने पिटबुलवर 1991 मध्येच बंदी घातली होती, तरी 2023 मध्ये एक्सएल बुली ही जातही बंदीच्या यादीत घालावी लागली. म्हणून जातीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पॉमेरेनियनचा चावा मी पट्टी बांधून घरी पाठवला आहे. भारी जबड्याच्या कुत्र्याने धरून झटके दिले तर लेकरू जिवानिशी जाऊ शकतं. रांगतं मूल असलेल्या घरात असं कुत्रं आणू नये, हे माझं ठाम मत. पण लॅब आणला म्हणजे विमा उतरवला, असंही कुणी समजू नये. आमच्याकडे आलेली किती तरी पोरं ओळखीच्याच कुत्र्याने चावलेली असायची, आणि मोठं माणूस कुकर बंद करायला नाहीतर फोन घ्यायला आत गेलेलं असायचं.

माझ्या मुलीकडे कुत्रा आहे, नातूही आहे. तिला मी एकच नियम घालून दिला: तू खोलीबाहेर गेलीस की दोघांतला एक तुझ्याबरोबर बाहेर आला पाहिजे. कुत्र्याचं ताट, त्याची झोपायची जागा आणि पिलं असलेली कुत्री, इथे पोराला जाऊ द्यायचं नाही. जावयांना सुरुवातीला ही कटकट वाटली. वाटू दे.

जखमेवर चुना, मिरचीपूड, हळद-तेल लावून आलेली पोरं पाहिली की मात्र माझा संताप व्हायचा. ते सगळं धुऊन काढताना पोर आणखी रडतं. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चावा तोंडाला असेल, रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत रेबीजचं सिरमही लागतं, ते स्वतःहून विचारा. "घरचाच आहे, त्याला लस दिली आहे" म्हणून थांबू नका. लसीचे पुढचे डोसही ठरल्या तारखेला घ्या, जखम भरली तरी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.