साष्टीतल्या लग्नाचे सूर

तुळशीचे लग्न लागले, की आपल्याकडे घरोघरी लग्नाच्या याद्या सुरू होतात. कार्यालय, आचारी, आहेर, मानपान असे सगळे लिहून झाल्यावर कुणाला तरी आठवण होते आणि यादीच्या तळाशी 'वाजंत्री' हा शब्द पडतो. मग सनईवाला येतो, नाही तर सनईचे ध्वनिमुद्रण लावले जाते. आणि मांडवात काय वाजले, हे ना वराला ठाऊक असते ना वधूला. गोव्यातल्या साष्टी तालुक्यात मात्र हा शब्द यादीच्या डोक्यावर असतो. तिथल्या ख्रिस्ती घरात सोयरीक जुळली आणि चर्चमधली तारीख मिळाली, की पुढचा प्रश्न तयारच: "संगीताचे काय?"

या प्रश्नाचे उत्तर कसे शोधतात ते पाहायचे असेल, तर मडगावला उतरावे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मुंबईकराला हा प्रवास सोपा झाला आहे. मडगावहून आठ-दहा किलोमीटरवर कुडतरी. भातशेतीमुळे या गावाला साष्टीचे कोठार म्हणतात. सेंट अ‍ॅलेक्सचे पांढरेशुभ्र चर्च, शेजारी तळे आणि तळ्याच्या पाण्यात त्या चर्चचे प्रतिबिंब. एवढे पाहून परतणारे प्रवासी पुष्कळ; पण कुडतरीचे खरे पीक भाताइतकेच गाण्याचे आहे.

लिगोरियो कोस्ता (१८५१–१९१९) आणि आर्नाल्दो द मिनेझिस (१८६३–१९१७) हे मांडोकार याच गावचे. मांडो म्हणजे कोकणी भाषेतले, संथ लयीचे, किंचित कातर गाणे. स्त्री-पुरुषांनी समोरासमोर ओळी धरून, पंखे हलवत, हलक्या पावलांनी नाचत ते म्हणायचे. साथीला व्हायोलिन आणि घुमट. मांडो संपला की झपाट्याच्या चालीची दुलपदे येतात आणि मघाशी डोळे टिपणारी मंडळी हसू लागतात. मौजेची गोष्ट अशी, की यातले कितीतरी मांडो एखाद्या ठरावीक लग्नासाठी रचलेले. मामाने भाचीला दागिना द्यावा, तसे कुणी नवदांपत्याला गाणे द्यायचे! ते गाणे घरच्यांनी बसवायचे आणि घरच्यांनीच म्हणायचे.

घुमट तर आपल्या ओळखीचाच. मातीच्या भांड्याचे एक तोंड कातड्याने मढवायचे आणि दुसरे उघडे ठेवायचे. गणेशचतुर्थीला हिंदू घरात आरतीला जो घुमतो, तोच ख्रिस्ती घरात लग्नाला. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लागे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. पण मान मिळाला म्हणून वाद्य वाजत नाही. त्यावर हात पडावा लागतो.

कुडतरीच्या एका घरी, सोप्यावरच्या दगडी बाकावर, अशीच निवड चाललेली पाहण्याचा योग आला. लग्न जानेवारीतले. नवरामुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. सहा आठवड्यांची रजा घेऊन येणार, आणि तारीख ठरवायला म्हणून आताच चार दिवस आलेला. मुलगी मडगावला शिक्षिका. तिची आजी, घरातली सगळ्यांची 'शामाय', कोपऱ्यातल्या खुर्चीत.

चर्चमधले संगीत झटपट ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी कोकणीत प्रार्थना होऊ लागली. तेव्हा भजने कोकणीच. प्रवेशाला कोणते मार्चगीत घ्यावे, यावर थोडी चर्चा झाली. जगभर वाजणारे ते वाग्नरचे गीत 'लोहेनग्रिन' या १८५०च्या संगीतिकेतले, आणि त्या संगीतिकेतले लग्न त्याच रात्री मोडते! मेंडेल्सोनचे १८४२चे मार्चगीतही शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेले. पुष्कळ पाद्रींना ही नाटकातली पाहुणी वेदीपुढे नको असतात. "मग ती हॉलमध्ये वाजवू," असे म्हणून मुलाने तो विषय संपवला.

अडले ते 'रोस'पाशी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपापल्या घरी वर-वधूला नारळाचा रस लावतात. आपल्या हळदीचीच ही बहीण. त्या वेळी बायका 'झोती' म्हणतात. मुलाच्या मनात होते, की त्याही रात्री दोन्ही घरी मोठे ध्वनिवर्धक आणावेत; मित्रमंडळी नाचतील.

शामाय म्हणाली, "पुता, यंत्र लागले की माणसे गप्प बसतात."

"पण शामाय, झोती येतात कुणाला? वाड्यावर तुम्ही तिघी उरलात. गेल्या लग्नात तर ध्वनिफीतच लावली होती."

म्हातारी काही बोलली नाही. मुलगा खोटे बोलत नव्हता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "शामाय, तू म्हण. तुझ्यामागून मी म्हणेन."

"तुला येतात?"

"नाही. म्हणूनच तर!"

निवाडा झाला तो असा: रोसच्या रात्री यंत्र नाही. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आटोपल्यावर मुलीने आणि तिच्या चुलत बहिणींनी अर्धा तास शामायपाशी बसायचे. शिकलेली झोत फोनवर ध्वनिमुद्रित करून बोटीवर पाठवायची. मुलाने ती तिथे घोकायची. लग्नाच्या हॉलमध्ये बँड त्याच्या आवडीचा, पहिला वॉल्ट्झ तिच्या आवडीचा. शेवटी मात्र एक मांडो आणि दुलपदे घरच्यांच्या गळ्यातून, मामाच्या व्हायोलिनवर.

साष्टीत व्हायोलिन सापडायला वेळ लागत नाही. गावोगावच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकवण्याची इथली परंपरा शतकांची आहे. त्याच मातीतून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईला गेले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचे नाव आले ते त्यामुळे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकरांचा भरणा मोठा होता. आपल्या वरातीत जी चित्रपटगीते वाजतात, त्यांतल्या कितीतरी व्हायोलिनांमागे गोव्याचे हात आहेत. पुण्या-मुंबईच्या वरातीने साष्टीला परके मानण्याचे कारण नाही!

लोटली गावचे तोर्कातो द फिगेरेदो (१८७६–१९४८) यांनी निरोपाचा एक मांडो रचला. आजही समारंभाच्या अखेरीस तो सुरू झाला, की माणसे आपोआप उभी राहतात. बँड कितीही भारी असो, त्याचे पैसे चुकते केले की तो आपल्या गावी जातो. गळ्यात बसलेले गाणे घरात राहते. कायद्याने उघड्यावरचे ध्वनिवर्धक सामान्यतः रात्री १० वाजता बंद होतात. त्यानंतर मांडवात काय उरते, ते पाहावे.

या मोसमात ज्या घरी बोहले उभे राहणार आहे, तिथल्या मुलामुलींनी बँड हवा तो ठरवावा, सनई हवी ती लावावी. पण यादीत आणखी एक ओळ घालावी: आजीला येणारे एक गाणे. जात्यावरची ओवी असो, हळदीचे गाणे असो, नाही तर घरच्या कुणी रचलेली मंगलाष्टके असोत. मात्र ते लग्नाच्या आदल्या दिवशी शिकता येत नाही. सुरुवात आजच करावी लागते.