शीवेवरचे घर

आमच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून एक यंत्र केर काढते. जेवणाच्या ताटाएवढे, काळे, गोल, आणि पाठीवर एक बुटका मनोरा असलेले. आई त्याला ‘कासव’ म्हणते. हे कासव घरातल्या वाय-फायला जोडताना माझे तीन दिवस गेले. अशी हकिगत हल्ली कोणाही गृहस्थाला सांगता येईल, आणि ती सांगण्याची ही जागाही नव्हे. पण शेवटी जो दोष सापडला तो यंत्राचा नव्हता आणि तारेचाही नव्हता. तो लिपीचा होता. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरलेल्या माणसाला हा शोध विसरता येईना, म्हणून हे टिपण.

कासव घरात आले त्याचे कारण सांगायला हवे. आमच्याकडे सव्वीस वर्षे झाडलोट करणाऱ्या मावशी मुलाकडे बदलापूरला कायमच्या राहायला गेल्या. दुसरी बाई आईला नको होती. ‘मी अजून हिंडतीफिरती आहे,’ हे तिचे उत्तर. ती चौऱ्याऐंशीची आहे. एका सकाळी मी बाहेर गेलेला असताना तिने केरसुणी घेतली, पलंगाखालचा केर ओढायला वाकली आणि तोल गेला. मनगटावर निभावले. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिला कळवताना मी ‘किरकोळ’ हा शब्द वापरला. पण असे शब्द दूरच्या माणसाला उलटेच ऐकू येतात. पंधरा दिवसांत यंत्राचे खोके दारात. पाठोपाठ तिचा फोन : ‘दादा, ते फक्त वाय-फायला जोडून दे. बाकी मी इथून करीन. रोज झोपण्यापूर्वी मी आईचं घर झाडून घेईन.’

‘फक्त’ या शब्दाचा अर्थ पुढच्या तीन दिवसांत मला कळला.

अशा यंत्राला पडदा नसतो, कळफलक नसतो. त्याला घराच्या जाळ्याचे नाव आणि परवलीचा शब्द सांगायचा कसा? युक्ती अशी, की सुरुवातीला यंत्र स्वतःच एक छोटे जाळे पसरते. आपल्या मोबाइलने घरचे वाय-फाय सोडून त्या जाळ्यात शिरायचे आणि नाव व परवलीचा शब्द यंत्राच्या कानात सांगायचा. मग यंत्र आपले जाळे आवरते, घरच्या राउटरशी संधान बांधते आणि दूरदेशीच्या सर्व्हरला आपली हजेरी कळवते. काम तीन पायऱ्यांचे, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरण्याची सोय आहे. आमचे कासव दुसऱ्या पायरीवरून दरवेळी परत येई आणि परक्या आवाजात, इंग्रजीत, जोडणी न झाल्याचे सांगे. आई आतून विचारी, ‘काय म्हणतंय?’

पहिल्या दिवशी मी अनेकजण करतात तेच केले : एकाच वेळी सगळे बदलले. राउटर बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा घातले, परवलीचा शब्दही बदलला. रात्री ध्यानात आले, की यातले काही सफल झाले असते तरी कशामुळे झाले ते मला सांगता आले नसते. पाठचिकित्सा शिकवताना विद्यार्थ्यांना मी नेमके याच्या उलट सांगत आलो : एका वेळी एकच पाठभेद हातात घ्या, बाकीचे स्थिर ठेवा, आणि जे केले ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन बसलो.

पहिली नोंद : यंत्राच्या छोट्या जाळ्यात इंटरनेट नसते. हे लक्षात आले की मोबाइल आपल्यावर उपकार म्हणून गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जातो, आणि यंत्राशी चाललेले बोलणे अर्धवट तुटते. मोबाइल डेटा बंद केला, अ‍ॅपला ठिकाण पाहण्याची परवानगी दिली. बोलणे पूर्ण झाले. जोडणी झाली नाही.

दुसरी नोंद : आजचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती यंत्रांना बहुधा पहिलीच समजते. तिचे भाग स्वस्त असतात आणि तिची लाट लांब पोहोचते. याच २.४ च्या पट्ट्यावर कमी शक्तीची उपकरणे परवान्याशिवाय वापरण्याची मुभा भारतात २००५ साली नियमाने मिळाली, म्हणून घरोघरी वाय-फाय निर्धास्त आले. आमचा राउटर मात्र दोन्ही पट्टे एकाच नावाखाली झाकून ठेवी. मी ते वेगळे केले. दुसऱ्याच्या नावापुढे ५ हा आकडा जोडायला गेलो, तर राउटरने तेवढेच एक अक्षर घेतले आणि मधली मोकळी जागा नाकारली. या नकाराचे कारण मला तेव्हा कळले नाही. यंत्र तरीही जोडले गेले नाही.

तिसऱ्या दिवशी, इतर सगळे उपाय संपल्यावर, मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात एक ओळ होती : जाळ्याच्या नावात केवळ रोमन अक्षरे व अंक असावेत.

आमच्या जाळ्याचे नाव मी मोठ्या हौसेने देवनागरीत ठेवले होते : ‘शीवेवरचे घर’.

या नावाचा हिशोब मग मी बसून केला. वाय-फायच्या नावाला जास्तीत जास्त बत्तीस बाइटची जागा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला वेगळे आणि त्याच्या काना-वेलांटी-मात्रेला वेगळे, तीन-तीन बाइट. ‘शीवेवरचे’ची आठ चिन्हे, म्हणजे चोवीस, मधली मोकळी जागा एक, ‘घर’चे सहा. एकूण एकतीस. शेजारच्या माणसाला बत्तीस अक्षरांचे वाक्य लिहिता येईल एवढ्या जागेत मला जेमतेम दोन शब्द मिळाले होते, आणि त्यानंतर एकच बाइट शिल्लक होता. तोच ५ या आकड्याने घेतला होता.

हे वाचून कोणी यंत्रावर भाषिक अन्यायाचा आरोप ठेवील, तर तो उतावीळपणा होईल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्याच आवृत्तीपासून, स्थान आहे. राउटरने आमचे नाव घेतले, मोबाइलने ते सुरेख दाखवले. अडले ते एका स्वस्त चिपवर. तिच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या कोणाला असे नाव कोणी ठेवील हे सुचलेच नाही. द्वेष नव्हे, विस्मरण. पण ज्यांनी पूर्वी मराठी मजकूर ईमेलने पाठवला आणि पलीकडे फाँट नसल्यामुळे चौकोनी डबे उमटलेले पाहिले, त्यांना या विस्मरणाची चव ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी आमच्या विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांनी एकमेकांना पेढे दिले, मीही खाल्ले. अभिजात भाषेतले दोन शब्द केर काढणाऱ्या यंत्राला वाचता येऊ नयेत, ही गोष्ट त्या पेढ्याच्या गोडीत कुठे बसवायची ते मला अजून कळलेले नाही.

नाव बदलणे भाग होते. रोमन लिपीत ‘शीव’ कसे लिहायचे? मी थबकलो. कारण ते आधीच लिहिले गेलेले आहे.

शीव म्हणजे सीमा. गावाची शीव, शेताची शीव. आमच्या वस्तीला हे नाव मिळाले ते खरोखरीच्या सीमेमुळे : इकडे इंग्रजांच्या ताब्यातले परळ बेट, पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात, जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो या सीमेवर नजर ठेवायला. पुढे साष्टी मराठ्यांकडे गेली, मग इंग्रजांकडे. सीमा पुसली, नाव राहिले. ते परक्या लिपीत चार अक्षरांत उतरले आणि तिथून वाचणाऱ्याने उच्चारले ते ‘सायन’ म्हणून. आज स्थानकावरच्या पाटीवर देवनागरीत ‘शीव’ आहे आणि गाडीतून उतरणारी बहुतेक माणसे सायनला उतरतात. आमच्या इमारतीतली मराठी कुटुंबेसुद्धा पत्ता सांगताना सायनच सांगतात. मीही सांगतो. लिप्यंतराने शब्दाचा अर्थ कसा गळतो याचे उदाहरण म्हणून हे नाव मी वर्गात कितीदा दिले असेल! आता तेच लिप्यंतर मी स्वतःच्या बोटांनी केले. २.४ च्या पट्ट्याला रोमन चार अक्षरे दिली, चार बाइट. ५ च्या पट्ट्यावर ‘शीवेवरचे घर’ तसेच ठेवले. पुढच्या मिनिटाला कासवाने जोडणी झाल्याची आनंदाची घंटी वाजवली.

म्हणजे आता आमच्या घरालाही, वस्तीप्रमाणेच, दोन नावे झाली.

गोष्ट इथे संपती तर बरे होते. आईची खोली मागच्या बाजूला आहे. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या योजनेतल्या जुन्या इमारती या. भिंती विटांच्या, हातभर जाड. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींच्या आरपार लहरी पाठवून पलीकडे घंटा वाजवली आणि दारू पेटवली, तेव्हा लोक थक्क झाले. पण सगळ्या लहरींना भिंती सारख्याच वाट देत नाहीत. २.४ ची लाट साधारण बारा सेंटिमीटर लांब, ५ ची त्याच्या निम्म्याहून आखूड. आखूड लाट भिंतीत लवकर थकते. परिणाम असा, की बाहेरच्या खोलीत माझ्या मोबाइलवर ‘शीवेवरचे घर’ वेगाने चालते, आणि आईच्या पलंगाशी ते नाव यादीतून नाहीसे होते. तिथे पोहोचते ते फक्त ‘सायन’. मराठी नाव मी ज्या पट्ट्याला दिले तो दोन भिंतींपलीकडे जात नाही. ही केवळ योगायोगाची रूपककथा आहे हे मला कळते. नावांची अदलाबदल केली असती तर यंत्र पुन्हा मुके झाले असते, एवढेच. तरी त्या संध्याकाळी मी आईच्या दारात मोबाइल घेऊन बराच वेळ उभा होतो.

‘मिळालं का रे?’ तिने विचारले.

‘मिळालं. पण नाव बदलावं लागलं.’

‘मग काय झालं? माझं नाही बदललं लग्नात? मी तीच आहे ना.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

एक गोष्ट या तीन दिवसांत मी कोणाला सांगितली नव्हती. कासवाला केर काढायला वाय-फाय लागतच नाही. पाठीवरचे बटण दाबले की ते निघते, पलंगाखाली शिरते, भिंती चाचपते, परत जागेवर येऊन बसते. पहिल्याच दिवशी मी ते करून पाहिले होते. जोडणी हवी होती ती यंत्राला नव्हे, घरालाही नव्हे. ती हवी होती जवळपास आठ हजार मैलांवरून नव्हे, तर शेजारच्या खोलीतून आल्यासारखे आईच्या कामात हात घालू पाहणाऱ्या मुलीला. जनाबाईच्या अभंगांत देव तिच्याबरोबर झाडलोट करतो, केर भरतो. वर्गात मी त्याला भक्तीचे परमोच्च रूप वगैरे म्हणत असे. आता वाटते, एकटीने करायच्या कामात कोणीतरी सोबत आहे, एवढी साधी भूक त्यात आधी असावी.

पहिल्या फेरीनंतर बहिणीच्या मोबाइलवर घराचा नकाशा उमटला. आईला शंका : ‘याला दिसतं का? मी दिसते का तिला?’ शंका भाबडी नव्हे. चाचणीसाठी घरांत ठेवलेल्या अशा रोबोंनी टिपलेली खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे वृत्त २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने दिले होते. आमच्या यंत्राला कॅमेरा नाही. मनोऱ्यातला लेसर फक्त अंतरे मोजतो. आई नकाशात येते ती तिच्या चौपायी काठीच्या चार ठिपक्यांनी. हे सांगितल्यावर तिला बरे वाटले. मग तिने एक अट घातली : देवघरापुढची जागा तिची, तिथे कासवाने यायचे नाही. बहिणीने तिकडून बोटाने एक लाल रेघ ओढली. यंत्र त्या रेघेशी येते, थांबते, वळते. घरात अशी एक शीव तयार झाली. तिच्या आतला हातभर केर आई खुर्चीत बसून, लांब दांड्याच्या झाडूने काढते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीलाच हळदकुंकू लागेल, हेही तिने सांगून ठेवले आहे.

नकाशातल्या खोल्यांना नावे द्यायची होती. ही नावे यंत्राला वाचावी लागत नाहीत, माणसांसाठीच असतात. म्हणून तिथे कोणतीही लिपी चालते. बहिणीने देवनागरीत लिहिली : ‘पडवी’, ‘माजघर’, ‘आईची खोली’. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराला पडवी कधीच नव्हती; आजोळी होती. मी तसे म्हणणार होतो. सकाळचे सात वाजले होते, तिकडे रात्रीचे साडेनऊ. कासव जागेवरून हलले आणि आई आतून म्हणाली, ‘उठली वाटतं ती.’ मी म्हटले, ‘झोपायला निघालीये.’ ‘तेच ते,’ आई म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.