मळीचा वास

मळीचा वास आवडतो असं म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. साताऱ्याहून कऱ्हाडकडे, तिथून पुढे सांगलीकडे जाताना हंगामात तो कुठे ना कुठे गाठतोच. गाडीच्या काचा भराभर वर जातात, नाकाला पदर लागतात, आणि आंबूस, गोडसर, जडसा तो वास तरीही आत येऊन शेजारी बसतो. मला मात्र तो आला की लग्नानंतरचा पहिला आषाढ आठवतो. तोही साताऱ्याचा नाही, सांगलीचा नाही. मॉरिशसचा.

माप ओलांडून सांगलीच्या घरात आले, कुठल्या फडताळात काय असतं हे हाताला उमजू लागलं, तोवर आखाड लागला. पहिल्या आखाडात नव्या सुनेनं सासूच्या नजरेसमोर राहायचं नाही, माहेरी जायचं. आमच्या घरात नेमकी त्याच वेळेची विमानाची तिकिटं निघाली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, समुद्रापलीकडं पाळा आखाड."

विमानात शेजारी बसलेल्या माणसाची नवरा म्हणून ओळख साऱ्या गावाला झाली होती. मला तेवढी व्हायची होती. तो खिडकीबाहेर बघायचा, मी माझ्या हातांवरच्या फिकटत गेलेल्या मेंदीकडे. उतरल्यावर घड्याळं दीड तास मागे घ्यायची होती. दिवसात उगीचच दीड तास वाढला, आणि एवढ्या वेळाचं दोघांनी करायचं काय, हे दोघांनाही कळेना. किती अवघड असतं ते मोकळेपण!

टॅक्सी विमानतळाबाहेर पडली आणि समुद्राआधी ऊस आला. दोन्ही अंगांना ऊसच ऊस, आपल्याकडे दिवाळीनंतर दिसावेत तसे रुपेरी तुरे ऐन जुलैत वाऱ्यावर कललेले, आणि मधूनमधून फडातच रचून ठेवलेले काळ्या दगडांचे उंच ढीग. दगडही ओळखीचा, अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्यांवर असतो तसाच, लाव्हाचा. आपले कारखाने बंद पडून गाळपाच्या गप्पाही शिळ्या झालेल्या असताना तिथला हंगाम नुकताच उघडला होता. आणि मग तो वास आला.

मी सवयीने पदर उचलला. त्याने काच खाली केली. चांगली पूर्ण खाली. डोळे मिटून, छाती भरून त्याने तो घाणेरडा वास आत घेतला आणि म्हणाला, "चालू झालाय कारखाना." जणू कुणी घरचंच माणूस उठून कामाला लागलं असावं. त्यानंतर तो बोलतच राहिला: आजोबांबरोबर वजनकाट्याच्या रांगेत काढलेल्या थंडीच्या रात्री, बैलांच्या श्वासाची वाफ, चिपाडांच्या ढिगावर लागलेली झोप. मी चालत्या ट्रॉलीमागे धावून ओढलेल्या कांड्यांचं सांगितलं. माझ्या सासरचा तो पहिला माणूस, ज्याच्याशी मी न लाजता बोलले.

चालकाने हिंदीत विचारलं, कुठले? महाराष्ट्र म्हणताच हसला. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, बोटीने आलेले, ऊस तोडायला. आमच्याकडे बीडकडून टोळ्या येतात, कोप्या घालून राहतात, पट्टा पडला की चंबूगबाळं आवरून परत जातात. याचे परतले नव्हते. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो, आणि ते गप्प राहणं विमानातल्यासारखं नव्हतं.

समुद्र पुढे दिसला. सुंदरच होता, फोटोत आहे तसा.

संध्याकाळी वाळूत बसून भडंगाचा पुडा फोडला तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. सुखरूप पोचलात ना, जेवलात का, आणि लगेच, "पाऊस फार लागलाय. कोयना कितीवर आली, तिच्या वडलांना विचार बरं." आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, सांगलीच्या माणसाचा पावसाळा या दोन आकड्यांमध्ये जातो. कोयना धरण मात्र माझ्या माहेरच्या, सातारा जिल्ह्यात.

"एकदम सोडू नका म्हणावं पाणी," तो फोन ठेवत म्हणाला.

"मी काय वक्र दरवाजांवर बसलेय का?"

"माहेर तुझं आहे."

"मग उन्हाळ्यात तेच पाणी मागताना बरं गोड वाटतं!"