हाताला कळणारा चढ

ट्राय-अँग कंपनीचं, खेळातल्या आगगाडीचं जुनं इंजिन उघडायला एक स्क्रू काढला की पुरतं. वरचं प्लॅस्टिकचं टोपण उचललं की आतला सगळा संसार एका नजरेत दिसतो: लोहचुंबक, तांब्याच्या तारेची गुंडाळी, दोन कार्बन ब्रश आणि त्यांना दोन्हीकडून दाबून धरणारी वाकडी स्प्रिंग. सर्किट बोर्ड नावाची चीजच नाही. आज नव्या इंजिनाचं टोपण काढलं तर आधी दिसतो तो बोर्डच. मोटर त्याच्याखाली कुठेतरी दडलेली असते.

माझ्याकडचं जुनं इंजिन म्हणजे ‘जिंटी’. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ३एफ वर्गातल्या, यार्डात डबे ढकलणाऱ्या सहाचाकी इंजिनाची ही प्रतिकृती. बोटीवर नोकरीला असलेल्या काकानं सत्तरच्या दशकात ती पुण्याला आणली. सोबत रुळांचा एक वळसा, तीन डबे आणि गोल बटणाचा कंट्रोलर. त्या काळी असली वस्तू इथल्या दुकानात मिळायची नाही, त्यामुळे तिची दुरुस्तीही घरातच व्हायची.

विजेचा हिशेब शाळकरी पोराला कळेल इतका सरळ होता. कंट्रोलरमधून जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी रुळांवर यायचे. एका रुळावरची वीज त्या बाजूच्या चाकांना घासणाऱ्या पितळी पट्टीतून मोटरकडे जायची. दुसऱ्या रुळावरची वीज चाकांतून थेट धातूच्या सांगाड्यात शिरायची. म्हणजे सांगाडा हीच दुसरी तार. ब्रशवरच्या स्प्रिंगच्या एका पायावर छोटी स्लीव्ह चढवलेली असायची आणि दुसरा पाय उघडा. त्या उघड्या पायानं एक ब्रश सांगाड्याला जोडला जायचा. बटण जितकं फिरवाल तितके व्होल्ट, आणि जितके व्होल्ट तितका वेग. उलट्या बाजूला फिरवलं की रुळांवरच्या विजेची उलटापालट आणि गाडी मागे.

अडलं की कुठे बघायचं हेही ठरलेलं. आधी चाकांवरची काळी राप. मग कम्युटेटरच्या फटींत साचलेली कार्बनची भुकटी, ती टाचणीनं हळूच उकरायची. ब्रश झिजलेत का ते बघायचं. एवढं करून नाही चाललं तर आजोबांचा सोल्डरिंग आयर्न तापवायचा आणि सुटलेल्या तारेला राळेत बुडवून डाख द्यायचा. तार कोणत्या रंगाची, याला अर्थ नव्हता. रेडिओतून काढलेली, घरात जी असेल ती. पुण्यात दूरदर्शन दिसू लागल्यावर नवीच भानगड झाली. जिंटी निघाली की पडद्यावर मुंग्या. ब्रशपाशी उडणाऱ्या ठिणग्यांचा तो प्रताप. तो आवरायला बनवणाऱ्यांनी एक कंडेन्सर बसवलेला असायचा, पण तो मेला की रविवारच्या सिनेमाच्या वेळी आगगाडी बंद, असा घरचा कायदा झाला.

आता रुळांवरची वीजच बदलली आहे. जर्मनीतल्या लेंझ कंपनीनं विकसित केलेली पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं, म्हणजे १९३५ साली स्थापन झालेल्या हौशी मंडळींच्या संघटनेनं, नव्वदच्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. तिचं नाव डीसीसी. तिच्यात रुळांवर पूर्ण दाबाची वीज कायम असते, गाडी उभी असली तरी. ही वीज सतत उलटसुलट होत असते आणि त्या उलटण्यातच हुकूम दडलेला असतो: अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘एक’, १०० किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाची नखाएवढी पट्टी असते. आपल्या नंबरचा हुकूम आला की ती मोटरला हवी तेवढी वीज देते. बाकीच्या इंजिनांना तो हुकूम आपला नव्हेच.

म्हणून जुन्या इंजिनाची वायरिंग बदलायला बसलं की काळ बदलल्याचं हातालाच कळतं. पूर्वी सगळं कसब रुळावरची वीज कमीत कमी अडथळ्यांनी मोटरपर्यंत नेण्यात होतं. आता पहिलं काम ती वाट तोडण्याचं. जिंटीच्या स्प्रिंगच्या उघड्या पायावरही स्लीव्ह चढवायची, कंडेन्सर काढून टाकायचा, ब्रशला जाणाऱ्या जुन्या तारा सोडवायच्या. मग मल्टिमीटरचं एक टोक ब्रशला, दुसरं सांगाड्याला. मीटर गप्प राहायला हवा. ‘पीं’ वाजला तर अजून कुठेतरी शिवतंय असं समजायचं आणि पुढे जायचं नाही, कारण रुळावरची वीज मागच्या दारानं मोटरच्या तारांत शिरली की डिकोडर क्षणात धूर सोडतो.

तारांचे रंगही आता ठरून गेलेत. लाल आणि काळी रुळांकडून वीज आणणारी, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक. बुधवारातल्या तापकीर गल्लीत एलईडी, एक किलोओहमचे रेझिस्टर आणि आटणारी स्लीव्ह सहज मिळते. नव्या इंजिनात तर तेवढेही कष्ट नाहीत. बोर्डावर आठ किंवा एकवीस पिनांचा सॉकेट असतो, डिकोडर त्यात दाबून बसवला की काम झालं. आयर्न तापवायची गरजच उरलेली नाही.

या बदलानं काय दिलं ते आधी सांगतो, कारण स्मरणरंजनात ते सोयीस्कर विसरलं जातं. आमच्या मांडणीत एक फळी तिरकी लावलेली होती, तिला आम्ही ‘घाट’ म्हणायचो. खऱ्या बोरघाटात चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि घाट चढून झाला की सुटतात. आम्हाला तसा खेळ खेळायचा होता. जमला नाही. रूळ तेच, बटण तेच, त्यामुळे दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच पळायची. एकाला थांबवायचं तर रूळ कापून तुकडा वेगळा करायचा आणि त्याला स्विच लावायचा. हौशी लोकांच्या मोठ्या मांडण्यांत टेबलाखाली अशा तारांची जाळी असायची. आता पुढच्या इंजिनाला एक नंबर, मागच्याला दुसरा. बँकर हळूच येऊन डब्याला टेकतो, गाडी वर चढवून देतो आणि एकटाच खाली उतरतो. कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून माणसं जशी डोळे विस्फारून बघत आली, तशी एकाच वेळी चालणारी अनेक गाड्यांची दुनिया आज एका टेबलावर, दोन तारांत मांडता येते.

इंजिनाचा आवाज काढणाऱ्या डिकोडरांचंही तसंच. आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन मूळ अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं, आत सोळा सिलिंडरचं २५१ यंत्र. त्यामुळे अमेरिकन गाड्यांसाठी केलेला अल्कोचा डिकोडर वाजवला तरी पुणे स्टेशनवरच्या जुन्या फलाटाची आठवण होते.

आता काय गेलं ते. जिंटी घाटाला लागली की तिचा आवाज जड व्हायचा, वेग पडायचा आणि बटणावरचा हात आपसूक पुढे सरकायचा. उतारावर तोच हात मागे यायचा. चढ डोळ्यांच्या आधी हाताला कळायचा. ब्रश झिजत आल्याचंही हातालाच कळायचं, कारण रोजच्या खुणेवर गाडी सुटायची नाही. आजचा डिकोडर मोटरची वीज सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरती थांबवतो. तेवढ्यात फिरती मोटर स्वतःच किंचित वीज निर्माण करते, ती मोजून तो वेग ओळखतो. वेग पडला असेल तर आपणच जास्त वीज देतो. चढ असो, उतार असो, मागे दोन डबे असोत की दहा, गाडी एकाच चालीनं जाते. मोटर दमली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

खऱ्या रेल्वेनंही वीज बदलली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर होती आणि २०१६ साली हार्बर मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर गेला तेव्हा मुंबईतली डीसी संपली. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं होती. डिकोडरांतही ती सोय आहे. सीव्ही २९ नावाच्या खान्यातला एक आकडा चालू ठेवला, तर बहुतेक डिकोडर जुन्या डीसी बटणावरही इंजिन चालवतात. आणि वेग सांभाळण्याचं ते काम कित्येक डिकोडरांत बंदही करता येतं.

जिंटीमध्ये मी ते बंद केलंय. डिझेल इंजिनांत चालू आहे, कारण बँकरचा खेळ त्याशिवाय नीट होत नाही. भाचा मोबाइलवरून गाड्या चालवतो. परवा जिंटी घाटात मंदावली तशी तो म्हणाला, “मामा, हिचा डिकोडर गेला वाटतं.”

“काही गेलेलं नाही. चढ लागलाय तिला.”

“मग मी काय करू?”

“वाढव की थोडं.”

त्यानं पडद्यावरची पट्टी वर सरकवली आणि जिंटी वर गेली. पुढच्या फेरीला मला सांगावं लागलं नाही.