गांगवोन : एक नाव, दोन देश

तुमच्या घरात कोरियन मालिकांचे वेड असेल, तर गांगवोन प्रांत तुम्ही आधीच पाहिला आहे, फक्त त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल. 'विंटर सोनाटा'मधली उंच झाडांची सरळ वाट नामी बेटावरची आहे. 'गॉब्लिन'मध्ये समुद्रात शिरलेला जो दगडी बांध दिसतो, तो गांगनुंग शहराच्या जुमुन्जिन किनाऱ्यावर आहे. ही दोन्ही ठिकाणे दक्षिण कोरियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या गांगवोन प्रांतात येतात.

आता नकाशा उघडा आणि हे नाव शोधा. ते तुम्हाला दोनदा सापडेल. एक गांगवोन दक्षिण कोरियात, दुसरा त्याला लागूनच उत्तर कोरियात. छपाईची चूक वाटेल, पण तसे नाही. हा एकच प्रांत होता आणि आजही दोन्ही देश आपापल्या भागाला त्याच नावाने ओळखतात. फिरायला जाण्यापूर्वी ही गोष्ट समजून घेतली, तर तिथला प्रत्येक डोंगर, प्रत्येक रेल्वे स्टेशन तुम्हाला वेगळे दिसेल.

नाव आले कुठून?

गांगनुंग आणि वोन्जू ही इथली दोन जुनी, महत्त्वाची शहरे. १३९५ मध्ये दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'गांगवोन' हे नाव तयार झाले. त्यातले एक शहर समुद्राकाठी, तर दुसरे डोंगराच्या अलीकडे आहे.

हा डोंगर म्हणजे तेबेक पर्वतरांग. ती प्रांताच्या मधून उत्तर-दक्षिण जाते आणि त्याचे उभे दोन भाग करते. पूर्वेकडच्या भागाला 'योंगदोंग' म्हणतात, म्हणजे घाटाच्या पूर्वेचा. पश्चिमेकडचा तो 'योंगसो'. हा घाट म्हणजे ८३२ मीटर उंचीवरची देग्वाल्योंग खिंड. घाट ओलांडला की हवा बदलते, बोलीचा सूर बदलतो, ताटातले पदार्थही बदलतात. पूर्वेला मासे आणि समुद्राचे पाणी घालून केलेला चोदांग टोफू, तर पश्चिमेला बकव्हीटच्या शेवया आणि बटाटा. गांगवोनच्या लोकांना बाकीचे कोरियन गमतीने 'बटाटा' म्हणतात, इतका तो इथे पिकतो.

शेकडो वर्षे या प्रांताची फाळणी एवढीच होती. घाट चढायचा, पलीकडे उतरायचे, सोयरिक करायची, बाजार करून परत यायचे.

दुसरी रेघ

१९४५ मध्ये जपानची सत्ता संपली आणि अमेरिका व सोव्हिएत रशियाने कोरियाची ३८ व्या अक्षांशावर वाटणी केली. ही आडवी रेघ गांगवोनच्या पोटातून गेली. आज दक्षिण कोरियात असलेली सोक्चो, गोसोंग, यांगू, ह्वाचॉन ही ठिकाणे तेव्हा उत्तरेच्या राज्यात गेली. उत्तरेने १९४६ मध्ये शेजारच्या दक्षिण हामग्योंग प्रांतातले वोनसान हे बंदर गांगवोनला जोडले आणि ते आपल्या भागाची राजधानी केले.

२५ जून १९५० ला युद्ध पेटले. तीन वर्षांनी, २७ जुलै १९५३ ला ते थांबले, पण शांतता करार आजतागायत झालेला नाही. सैन्य जिथे उभे होते, तिथेच नवी सीमा ठरली. पूर्वेकडे ही सीमा ३८ व्या अक्षांशाच्या बरीच उत्तरेला आहे. त्यामुळे पाच वर्षे उत्तरेच्या अमलाखाली राहिलेली सोक्चोसारखी गावे दक्षिणेकडे आली. सीमेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर, असा एकूण चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला. तोच जगप्रसिद्ध डीएमझेड.

या युद्धविरामाशी आपलेही नाते आहे. मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी जो तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष भारताचे जनरल के. एस. थिमय्या होते. ते काम मात्र गांगवोनमध्ये नाही, पश्चिमेकडे पानमुन्जोमजवळ चालले.

पत्ता कसा वाचाल?

कोरियात पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. सर्वात आधी 'दो', म्हणजे प्रांत. त्याखाली 'शी' म्हणजे शहर किंवा 'गुन' म्हणजे ग्रामीण जिल्हा. गुनच्या पोटात 'उप' हे मोठे गाव आणि 'म्योन' हा खेड्यांचा गट. शेवटी 'री', म्हणजे खेडे. शहरात याऐवजी 'दोंग' असतो, आपल्या वॉर्डासारखा.

दक्षिणेच्या गांगवोनमध्ये ७ शहरे आणि ११ गुन आहेत. शहरे अशी : राजधानी चुनचॉन, सर्वाधिक लोकवस्तीचे वोन्जू, आणि गांगनुंग, दोंगहे, तेबेक, सोक्चो, साम्चॉक. गुन अशी : होंगचॉन, ह्वेंगसोंग, योंगवोल, प्योंगचांग, जोंगसोन, चोरवोन, ह्वाचॉन, यांगू, इंजे, गोसोंग आणि यांगयांग. जून २०२३ पासून या प्रांताला विशेष स्वायत्त दर्जा मिळाला आहे. उत्तरेच्या गांगवोनमध्ये वोनसान आणि मुनचॉन ही २ शहरे आणि १५ गुन आहेत.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. गोसोंग इकडेही आहे, तिकडेही. चोरवोन इकडेही आहे, तिकडेही. पत्त्यात प्रांत तोच, गुन तोच, पण देश वेगळा. इकडून तिकडे साधे पत्रही जात नाही.

गोसोंग : नाव इथे, गाव तिथे

मूळ गोसोंग गाव उत्तरेत राहिले. दक्षिणेच्या वाट्याला आलेल्या गोसोंग गुनचा कारभार म्हणून गान्सोंग या दुसऱ्या गावातून चालतो. नाव मात्र कोणी बदलले नाही.

इथल्या युनिफिकेशन ऑब्झर्वेटरीला नक्की जा. १९८४ मध्ये बांधलेल्या या सज्जावरून समोर उत्तरेचा किनारा आणि हवा स्वच्छ असेल तर गुमगांग पर्वताची टोके दिसतात. खाली कुंपण असते, त्याच्या पलीकडे रिकामी वाळू आणि तोच निळा समुद्र. आजोबांचे बोट धरून आलेली नातवंडे नाणे टाकून दुर्बिणीला डोळा लावतात. एखाद्या आजोबांसाठी ते दृश्य म्हणजे लहानपणीचे घर असू शकते.

परतताना ह्वाजिन्पो सरोवराजवळ थांबा. इथे उत्तर कोरियाचे संस्थापक किम इल सुंग यांचा उन्हाळी बंगला आहे आणि त्याच सरोवराकाठी दक्षिणेचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचाही आहे. युद्धाआधी हा भाग उत्तरेकडे होता, नंतर दक्षिणेकडे आला. एकमेकांचे कट्टर शत्रू असलेल्या दोघांना सुट्टीसाठी एकच जागा आवडली होती.

चोरवोन : थांबलेली रेल्वे

चोरवोन हे सुपीक सपाट खोरे आहे. इथला तांदूळ कोरियाभर नावाजलेला. युद्धात या खोऱ्यासाठी भयंकर लढाया झाल्या आणि जुने चोरवोन शहर जवळजवळ पुसले गेले. उत्तरेच्या अमलात, १९४६ मध्ये बांधलेल्या कामगार पक्षाच्या कार्यालयाच्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. त्यांवर गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात.

१९१४ मध्ये सोल ते वोनसान रेल्वे सुरू झाली, ती इथूनच जायची. वोल्जोंग-री या छोट्या स्टेशनवर आज एका जुन्या आगगाडीचा गंजलेला सांगाडा उभा आहे. पुढे रूळ नाहीत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला गुंग ये नावाच्या राजाने चोरवोनला राजधानी उभारली होती, तिचे अवशेष डीएमझेडमध्ये आहेत आणि सीमारेषा बरोबर त्यांच्यामधून जाते.

माणसांना बंदी असली तरी पक्ष्यांना नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून लाल टोपीचे क्रौंच येतात आणि कापणी झालेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपतात.

सोक्चो : परत जायची वाट पाहणारे गाव

सोक्चोमध्ये आबाई नावाची एक वस्ती आहे. 'आबाई' हा उत्तरेकडच्या हामग्योंग बोलीतला शब्द, वडीलधाऱ्या माणसासाठीचा. युद्धात पळून आलेल्या हामग्योंगच्या लोकांनी इथे वाळूवर झोपड्या बांधल्या. युद्ध संपताच घरी जायचे होते, म्हणून सीमेजवळची जागा निवडली. पक्के घर कशाला बांधायचे, असे त्यांना वाटले. सत्तर वर्षे उलटून गेली. आज त्यांची नातवंडे तिथे खानावळी चालवतात.

वस्तीत जायला 'गेतबे' ही सपाट बोट आहे. तिला इंजिन नाही, प्रवाशांनीच लोखंडी तार ओढून ती पलीकडे न्यायची. मुलांना हा खेळ फार आवडतो. 'ऑटम इन माय हार्ट' मालिकेचे चित्रीकरण इथेच झाले आणि वस्ती प्रसिद्ध झाली.

दार उघडले, दार मिटले

नोव्हेंबर १९९८ मध्ये दक्षिणेच्या पर्यटकांना उत्तरेच्या गांगवोनमधला गुमगांग पर्वत पाहण्याची परवानगी मिळाली. आधी जहाजाने, २००३ पासून गोसोंगमधून रस्त्याने. जुलै २००८ मध्ये एका पर्यटक महिलेचा उत्तरेच्या सैनिकाच्या गोळीने मृत्यू झाला आणि सहली थांबल्या. ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटीही याच पर्वताच्या पायथ्याशी व्हायच्या. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन्ही कोरियांच्या मुली आइस हॉकीत एकाच संघातून खेळल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरेने सीमेवरचे जोडरस्ते स्फोटाने उडवले.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

* भारतीयांना दक्षिण कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. दिल्लीहून सोलला थेट विमान आहे. उत्तरेच्या गांगवोनमध्ये इथून जाता येत नाही.
* सोलहून गांगनुंग वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांवर आहे. सोक्चोला बस जाते.
* ऑब्झर्वेटरीसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि पुढे गाडीनेच जायचे असते. पायी सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. सैनिक आणि चौक्यांचे फोटो काढू नका.
* सोराकसान पर्वताची पानगळ पाहायची तर ऑक्टोबर, क्रौंच पाहायचे तर हिवाळा. थंडी कडाक्याची असते, मुलांचे आणि ज्येष्ठांचे गरम कपडे भरपूर घ्या.
* शाकाहारी असाल तर 'गामजा-जॉन' म्हणजे बटाट्याचे धिरडे मागा. शेवयांच्या रश्शात मांस आहे का, हे आधी विचारा.
* गांगनुंगमध्ये ओजुकहोन हे जुने घर पाहा. इथे जन्मलेले विद्वान यी आय ५,००० वोनच्या नोटेवर आहेत आणि त्यांची चित्रकार आई शिन साइमदांग ५०,००० च्या नोटेवर.
* नामी बेटाची बोट शेजारच्या ग्योंगी प्रांतातून सुटते, बेट मात्र चुनचॉनच्या हद्दीत येते. पाच-सहा मिनिटांत तुम्ही एका प्रांतातून दुसऱ्यात पोहोचता आणि कोणी काही विचारतही नाही.

त्या बोटीत बसाल, तेव्हा खालच्या पाण्याकडे एकदा पाहा. ही बुखान नदी. ती उत्तरेच्या गांगवोनमध्ये, गुमगांगच्या परिसरात उगम पावते, सीमा ओलांडून ह्वाचॉन आणि चुनचॉनवरून इथे येते आणि पुढे हान नदीला मिळून सोलला जाते. आबाईच्या म्हाताऱ्यांना जी सीमा उलट ओलांडता आली नाही, ती ओलांडून हे पाणी रोज येत असते.